ताई, लाल झेंडे बरेच दिसतात, मी कुठल्या खाली उभी राहू?

एका २५ वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. मूळची सांगोला तालुक्यातली, सध्या हडपसरला एका बॅक ऑफिसमधे जॉब करते. नाव देत नाही, पत्र थोडं कमी करून देते, कंसातलं माझं:

"ताई, आजोबा आयुष्यभर शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष), त्यामुळे लाल बावटा लहानपणापासून घरात बघितलाय. आता नुसतं वाचून आणि स्टेटस टाकून मन भरत नाही, कुठेतरी सामील व्हायचंय. पण ज्याला विचारावं तो दुसऱ्याला नावं ठेवतो. माकपवाले (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष) भाकपला (भारतीय कम्युनिस्ट पक्ष), मालेवाले (मार्क्सवादी-लेनिनवादी) दोघांना, समाजवादी सगळ्या कम्युनिस्टांना, आणि एक सत्यशोधक मित्र म्हणतो यांच्यातल्या कुणालाच जात कळली नाही. कॉलेजची मैत्रीण म्हणते आमच्यातच ये नाहीतर विषय संपला. आई म्हणते पोलिसांच्या यादीत नाव जाईल आणि स्थळं यायची बंद होतील. एमपीएससीचाही विचार चालूय. मी स्वतः थर्ड पार्टी पेरोलवर आहे, दर अकरा महिन्यांनी नवीन लेटर देतात, पीएफ कापतात पण पासबुकात जमा दिसत नाही, पण ते सोडा. मला कष्टकऱ्यांसाठी काहीतरी करायचंय. कुठं जाऊ?"

अगं, "पण ते सोडा" कसं काय म्हणतेस? तुझ्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटलं आणि तूच ते बाजूला सारलंस. कष्टकरी म्हटलं की तुझ्या डोळ्यासमोर हमाल येतो, विडी कामगार येते, वनजमिनीवरचा आदिवासी शेतकरी येतो, ते सगळे खरेच आहेत, पण अकरा महिन्यांच्या लेटरवर काम करणारी, जिच्या पगारातून कापलेला पीएफ जातो कुठे ते कळत नाही ती मुलगी कोण आहे मग? तू कुणासाठी तरी काहीतरी करायला निघालीस आणि डाव्या चळवळीचं सगळं बळ यातच आहे की माणसं स्वतःच्याच प्रश्नावर एकत्र येतात. १९२८ला मुंबईत गिरणी कामगार युनियन उभी राहिली ती गिरणीतल्या माणसांच्या पोटाच्या प्रश्नावर. १९४५ला तलासरी-डहाणूकडं गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं वारली उठले ते वेठबिगारीविरुद्ध, ती वेठ ते स्वतः भोगत होते. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: सुरुवात तुझ्या नोकरीपासून कर, पक्ष त्यानंतर निवड.

आता ही सगळी माणसं एकमेकांना नावं का ठेवतात ते. १९६४ला भाकप फुटून माकप झाला, रशिया की चीन आणि काँग्रेसशी कसं वागायचं यावरून. नक्षलबारीच्या उठावानंतर १९६९ला माले निघाला, पुढं त्याचेही तुकडे झाले, त्यातला लिबरेशन गट आज उघड निवडणुका लढवतो. तुमचा शेकाप १९४७चा, काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे-शंकरराव मोऱ्यांचा, आणि सांगोल्याला गणपतराव देशमुखांना लोकांनी अकरा वेळा आमदार केलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. यातली रशिया-चीनची भांडणं आज तुझ्या कामाची नाहीत, स्पष्ट सांगते. ती कळावीत म्हणून वाच जरूर, पण त्यावरून घर निवडू नकोस. तुझ्या सत्यशोधक मित्राचं म्हणणं मात्र मी हलक्यात घेणार नाही. शरद पाटील १९७८ला माकपमधून बाहेर पडले ते जातीच्याच प्रश्नावर, वर्गाबरोबर जातीशीही लढलं पाहिजे म्हणून, आणि धुळ्याकडं त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. तो प्रश्न अजून जिवंत आहे. तू ज्या कुठल्या संघटनेच्या दारात जाशील तिथं बघ की जिल्हा कमिटीत कोण बसतंय, दलित, आदिवासी, भटक्या समाजातली माणसं फक्त मोर्चात पुढं आहेत की निर्णयातही आहेत. आणि बाया कुठं आहेत तेही बघ. मिटिंगमधे चहा कोण आणतं, बोलतं कोण, एखाद्या कार्यकर्त्यानं त्रास दिला तर तक्रार कुणाकडं करायची हे विचार, सरळ विचार, लाजू नकोस. उत्तर द्यायला जे चिडतील तिथं पुन्हा जाऊ नकोस, त्यांचा जाहीरनामा कितीही भारी असू दे.

एक गोष्ट तुला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही, पक्ष आणि जनसंघटना वेगवेगळ्या असतात गं. सिटू, आयटक या कामगार संघटना, किसान सभा, जनवादी महिला संघटना, महिला फेडरेशन, डीवायएफआय, एआयवायएफ या तरुणांच्या संघटना, यांच्यात यायला पक्षाचं कार्ड लागत नाही, वर्गणी भरली की सभासद. पक्षाचं तसं नाही. माकपमधे दोन सभासदांनी शिफारस करावी लागते, मग वर्षभर उमेदवार सभासद, मग पक्कं सभासदत्व, शाखेत बसावं लागतं, उत्पन्नातून लेव्ही, म्हणजे ठरलेला हिस्सा, द्यावी लागते, आणि एकदा निर्णय झाला की बाहेर त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही ही शिस्त. काहींना ती आवडते, काहींचा जीव गुदमरतो, तू कुठल्यातली हे तुला जनसंघटनेत काम करूनच कळेल. घाईनं पूर्णवेळ कार्यकर्ती वगैरे व्हायचं कुणी म्हणालं तर नको म्हण, नोकरी ठेव.

पुण्यात आहेस म्हणून सांगते, पक्ष नसलेलीही मोठी कामं तुझ्या शहरात उभी आहेत. मार्केट यार्डातलं हमाल भवन बघून ये, बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, १९६९चा माथाडी कायदा अशाच लढ्यांतून आला, कष्टाची भाकर १९७४पासून स्वस्तात जेवण देतेय. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ची. तिथल्या बायका स्वतःच्या संघटनेबद्दल कशा बोलतात ते एकदा ऐक, "आमची" हा शब्द त्या ज्या हक्कानं वापरतात तो हक्क तुला जिथं जाणवेल ती संघटना चांगली.

आणि तुझ्या क्षेत्रात काही होत नाही असं समजू नकोस. २०२४ला कर्नाटकात आयटीवाल्यांना १४ तास कामाचा प्रस्ताव आला तेव्हा सिटूशी संलग्न असलेली केआयटीयू ही आयटीवाल्यांची युनियन रस्त्यावर उतरली. आपल्याकडं सप्टेंबर २०२५ला मंत्रिमंडळानं कारखान्यांत रोजचे ९चे १२ तास आणि दुकानं-आस्थापनांत ९चे १० तास करायला मंजुरी दिली, नोव्हेंबरात केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. हे तुझ्याच ऑफिसच्या वेळेबद्दल आणि तुझ्याच लेटरबद्दल चाललंय. म्हणून पगाराच्या सगळ्या स्लिपा, सगळी लेटरं आणि पीएफच्या पासबुकाची प्रिंट एका फायलीत घाल आणि पुण्यातल्या दोन-तीन कामगार संघटनांच्या ऑफिसात जा, लाल झेंड्याच्याही आणि बिनझेंड्याच्याही. तुझी फाईल कोण उघडून वाचतं, कोण विचारतं की तुझ्याबरोबर अजून किती जणींचं असं आहे, आणि कोण नुसतं भाषण देऊन शनिवारच्या मोर्चाला ये म्हणतं, हे बघ. एवढ्यात तुला निम्मं उत्तर मिळेल.

आईचं. आईची भीती खोटी म्हणून उडवून लावू नकोस, पानसरे-दाभोलकरांचे खून झालेले तिनं बातम्यात बघितलेत, आणि २०२५ला जनसुरक्षा विधेयक पास झालं तेव्हा कडवे डावे, कडवे डावे हे तिच्या कानावर सारखं पडलं असणार. तिला फरक समजावून सांग. भाकप (माओवादी) हा वेगळा पक्ष, त्याच्यावर २००९पासून बंदी आहे, त्या वाटेला तू जात नाहीयेस. माकप, भाकप, शेकाप, लिबरेशन हे निवडणूक आयोगाकडं नोंदलेले पक्ष, डहाणूचे आमदार माकपचे, सांगोल्याचे शेकापचे, आणि तुझे आजोबा याच बावट्याखाली म्हातारे झाले. जिथं सभा उघड, हिशोब उघड, पावती मिळते तिथंच जायचं, हा शब्द आईला दे आणि पाळ. जमलं तर तिला एखाद्या बायकांच्या मेळाव्याला सोबत ने, लोकांना बघितलं की बऱ्याच शंका जातात. स्थळांचं म्हणशील तर युनियनची मेंबर आहे म्हणून जे नको म्हणतील त्यांच्याकडं तुझा संसार कसा झाला असता याचा आईनंही विचार करावा.

एमपीएससीचं लक्षात ठेव, सरकारी नोकरीत गेलीस की १९७९च्या वर्तणूक नियमांप्रमाणं कुठल्याच राजकीय पक्षाचं सभासद राहता येत नाही, पदावर यायच्या आधी राजीनामा द्यावा लागेल. परीक्षा खरंच द्यायची असेल तर पक्षाचं कार्ड सध्या घेऊ नको, कामगार संघटनेत काम कर.

राहिली मैत्रीण. तिला सांग की तुझी संघटना मी नाकारली नाही, मी माझ्या कामाच्या जागेपासून सुरू करतेय. आशा सेविकांच्या कृती समितीत वेगवेगळ्या झेंड्यांच्या युनियन एकत्र बसल्या, २०२३-२४चे संप एकत्र केले आणि मानधनात ५००० रुपयांची वाढ मिळवली, १९६४चं भांडण त्या मांडवात कुणी काढलं नाही. तिला तुझ्या ऑफिसातल्या मुलींच्या पहिल्या मिटिंगला बोलव. ती आली तर उत्तमच, नाही आली तरी मिटिंग रद्द करू नकोस, आणि पीएफचं काय झालं ते मला लिहून कळव.