रेडटेस्ट यशस्वी होते, पण मोबाइल वाय-फायला जोडले जात नाहीत: दोष कोठे शोधावा?

आपण लिहिले आहे की, पुण्यातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहासाठी उबुंटूवर फ्रीरेडियस ३ (वाय-फायवर येणाऱ्याची ओळख पडताळणारा सर्व्हर) बसवला आहे, विद्यार्थ्यांची खाती ओपनएलडॅप या निर्देशिकेत (पुढे नुसते एलडॅप) असून पासवर्ड एसएसएचए या हॅश स्वरूपात (ज्यावरून मूळ पासवर्ड परत मिळत नाही) साठवलेले आहेत, सर्व्हरवरून रेडटेस्ट ही चाचणीची आज्ञा चालवल्यास होकाराचे उत्तर, म्हणजे ‘अ‍ॅक्सेस-अ‍ॅक्सेप्ट’ मिळते, आणि तरीही डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझच्या (प्रत्येकाला स्वतःच्या खात्याने जोडणाऱ्या) वाय-फायवर एकाही विद्यार्थ्याचा मोबाइल जोडला जात नाही. शहरातील शिक्षणसंस्थांच्या नेटवर्कचे काम मी करत असल्याने ही मांडणी माझ्या परिचयाची आहे. दोष बहुधा अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये नसून पासवर्डच्या साठवणुकीत आहे.

रेडटेस्ट वेगळे काही न सांगितल्यास पीएपी पद्धत वापरते. त्या पद्धतीत विद्यार्थ्याने टाइप केलेला पासवर्ड सर्व्हरच्या हाती मूळ रूपात पडतो, त्याचा हॅश काढून तो एलडॅपमधील नोंदीशी ताडून पाहता येतो, आणि म्हणून एसएसएचए तेथे अडचण करत नाही. मोबाइल मात्र सहसा पीईएपीच्या बोगद्यातून, म्हणजे कूटबद्ध जोडणीतून, एमएसचॅप-व्ही२ ही पद्धत वापरतो, ज्यात पासवर्ड सर्व्हरपर्यंत येतच नाही. येते ते सर्व्हरने दिलेल्या आव्हानाला पासवर्डच्या एनटी हॅशवरून (विंडोजच्या पद्धतीच्या हॅशवरून) काढलेले उत्तर. ते पडताळण्यासाठी सर्व्हरकडे मूळ पासवर्ड किंवा त्याचा एनटी हॅश असावाच लागतो, आणि एसएसएचएवरून या दोहोंपैकी काहीही मिळवता येत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये कितीही फेरफार केले तरी ही मर्यादा हटणार नाही. रेडटेस्टला ‘-टी एमएसचॅप’ हा पर्याय देऊन पाहा. माझे अनुमान बरोबर असेल तर तेच खाते, तोच पासवर्ड असूनही आता नकार येईल.

खात्री करून घेण्यासाठी सेवा थांबवा आणि ‘फ्रीरेडियस -एक्स’ ही आज्ञा देऊन सर्व्हर डीबग अवस्थेत चालवा. हे आउटपुट लांबलचक असते आणि नवख्या माणसाला ते पाहून धडकी भरते, परंतु शेवटची ‘अ‍ॅक्सेस-रिजेक्ट’ची ओळ पाहून थांबू नये, तिच्या वर जाऊन एमएसचॅप मॉड्यूलने एनटी-पासवर्ड नसल्याची तक्रार केली आहे का, हे शोधावे.

उपाय दोन आहेत. एलडॅपमध्ये प्रत्येक खात्यासाठी एनटी हॅश साठवता येतो, पण तो सॉल्ट (पासवर्डला जोडलेला यादृच्छिक भाग) नसलेला एमडी४ हॅश असल्याने नोंदी फुटल्यास पासवर्डच फुटल्यासारखे होते; शिवाय जुन्या हॅशवरून नवा तयार करता येत नसल्यामुळे सर्वांना पासवर्ड बदलायला लावावे लागेल. मी ईएपी-टीटीएलएस (हाही कूटबद्ध बोगदाच) आणि त्याच्या आत पीएपी हा मार्ग सुचवेन. अँड्रॉइडमध्ये आणि विंडोज ८ पासून पुढे त्याची सोय आहे. आयफोनसाठी मात्र कॉन्फिगरेशन प्रोफाइल तयार करून वाटावे लागते, आणि वसतिगृहात हेच काम सर्वांत कंटाळवाणे ठरते. बोगद्यातील विनंती ‘इनर-टनेल’ या स्वतंत्र साइटकडे (फ्रीरेडियसच्या कॉन्फिगरेशनमधील वेगळ्या विभागाकडे) जाते, त्यामुळे एलडॅप केवळ ‘डिफॉल्ट’मध्ये सुरू करून भागत नाही. ही साइट मूळ कॉन्फिगरेशननुसार १२७.०.०.१ या पत्त्यावर १८१२० पोर्टवर ऐकत असते, तेव्हा तिची चाचणी मोबाइल हाती न घेता रेडटेस्टनेच घेता येते.

टीटीएलएस-पीएपीमध्ये पासवर्डचे संरक्षण बोगद्यावरच अवलंबून असते, म्हणून प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष करू नये. उबुंटूच्या पॅकेजमधील ‘स्नेकऑइल’ प्रमाणपत्र केवळ चाचणीपुरते आहे. महाविद्यालयाचे स्वतःचे सीए (प्रमाणपत्रे देणारे केंद्र) तयार करावे, त्याचे मूळ प्रमाणपत्र विद्यार्थ्यांना द्यावे आणि मोबाइलवर डोमेनचे नाव भरायला सांगावे. २०२० च्या अखेरीपासून अनेक अँड्रॉइड फोनांवर प्रमाणपत्राची पडताळणी टाळण्याचा पर्यायच दिसत नाही, आणि ते योग्यच आहे.

मोबाइल जोडण्याचा प्रयत्न चालू असताना डीबगमध्ये एकही ओळ उमटत नसेल, तर वरील सर्व विवेचन तूर्त बाजूला ठेवून यूडीपी १८१२ पोर्ट फायरवॉलमध्ये खुले आहे का आणि अ‍ॅक्सेस पॉइंट जुन्या १६४५ पोर्टवर विनंती पाठवत नाही ना, हे पाहावे. अ‍ॅक्सेस पॉइंटचा आयपी फ्रीरेडियसच्या क्लायंटच्या यादीत नसेल किंवा दोन्हीकडचे शेअर्ड सीक्रेट (दोघांतील सामायिक गुप्त शब्द) जुळत नसेल, तर डीबगमध्ये तशी सूचना दिसते, परंतु अ‍ॅक्सेस पॉइंटला काहीच उत्तर जात नाही. त्याच्या लॉगमध्ये केवळ ‘टाइमआउट’ दिसते आणि सर्व्हर बंद असल्याचा समज होतो.

यानंतरही अडचण राहिल्यास ‘इनर-टनेल’पासून पुढचे आउटपुट येथे द्यावे, मात्र पीएपीच्या विनंतीतील पासवर्ड त्यात उघड छापला जातो, तो आणि शेअर्ड सीक्रेट आधी खोडावे.