वाचकांचे प्रश्न : मेक्सिकोचा टॉर्टिया

प्रश्न : बाजारातील मक्याच्या पिठाचा टॉर्टिया (मेक्सिकोची पातळ भाकरी) लाटताना तुटतो. त्यात मैदा मिसळावा का?

उत्तर : मैदा मिसळू नये. मेक्सिकोच्या पारंपरिक रीतीत मक्याचा टॉर्टिया साध्या पिठाचा होतच नाही. तेथे वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात आणि सकाळी धुऊन ओलाच वाटतात. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, वाटलेला गोळा चिकट होतो आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. मका युरोपात गेला, पण ही रीत मागेच राहिली. परिणामी, जेथे गरिबांचे जेवण मक्यावरच चालत असे, तेथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला.

एक किलो वाळलेल्या मक्याला (स्वीट कॉर्न येथे निरुपयोगी आहे) सुमारे १० ग्रॅम कोरडा खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी घ्यावे. भांडे स्टीलचे असावे, कारण चुना ॲल्युमिनियमला खातो. गोळा लाटण्याऐवजी प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबावा आणि कोरड्या, तापलेल्या तव्यावर भाजावा. कडा चिरल्या, तर पिठाला पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे.