छोटा ट्रॅक्टर जास्त का आदळतो?

प्रश्न : 15 वर्षं मी 45 एचपीचा ट्रॅक्टर चालवतोय. गेल्या वर्षी बागेतल्या ओळींत शिरेल असा 20 एचपीचा छोटा घेतला. कामाला वाघ आहे, पण तास-दीड तासात कंबर धरते. मोठ्यावर दिवसभर बसूनही असं होत नव्हतं. जाणती मंडळी म्हणतात, ‘त्याला वजनच नाही, तो उडणारच.’ सीटवर जाड उशी टाकून पाहिली, फरक पडला नाही. हा वजनाचाच दोष आहे का? छोटा विकून मधला घेऊ का?

उत्तर : विकू नका. निदान मागच्या टायरची हवा मोजल्याशिवाय तर नकोच. आणि ती उशी आधी काढा. उशीमुळे तुम्ही वर उचलले जाता, पाय क्लचपर्यंत ताणावा लागतो, पाठ टेकणीपासून सुटते आणि सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. दुखणं होतं त्यात भर.

माझा निम्मा जन्म ट्रॅक्टरखाली उताणं पडून गेला, त्यामुळे मी गोष्टी खालून बघतो. जीप किंवा ट्रकखाली शिरलात तर पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, दिसतात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांशी तसलं काही नसतं. ॲक्सलचं घर थेट गिअरबॉक्सला बोल्टांनी आवळलेलं, आणि तुमची सीट जवळपास त्याच्याच डोक्यावर. पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनवर झुलतो, म्हणून पुढचं एक चाक 10 सेंटिमीटरच्या दगडावर चढलं तर नाक निम्मंच, 5 सेंटिमीटर उचललं जातं. मागचा ॲक्सल असा झुलत नाही; मागचं एक चाक चढलं की अख्खा ट्रॅक्टर तिरका होतो. बड्या ट्रॅक्टरांत पुढच्या ॲक्सलला किंवा केबिनला स्प्रिंग असतात. 1991 साली बाजारात आलेल्या जेसीबी कंपनीच्या फास्ट्रॅक ट्रॅक्टरला तर पुढेमागे दोन्हीकडे सस्पेन्शन होतं. पण तुमच्या 20 काय आणि 45 काय, दोघांनाही स्प्रिंग एकच : टायरमधली हवा.

आता वजनाचं. जाणते म्हणतात त्यात निम्मं खरं आहे. टायर ट्रॅक्टरच्या वजनाने किती चेपतो, त्यावर तो किती भराभर उसळणार हे ठरतं. 5 सेंटिमीटर चेपला तर सेकंदाला साधारण सव्वादोन हेलकावे बसतात. अडीच सेंटिमीटरच चेपला तर तीनच्या वर. माणसाच्या धडाला, म्हणजे पोट, पाठ, मणके या सगळ्याला, सेकंदाला 4 ते 8 हा उभ्या हादऱ्यांचा पट्टा सगळ्यात जाचक. म्हणजे टायर जितका टणक, तितके तुम्ही त्या पट्ट्याच्या जवळ. मोठा ट्रॅक्टर जड असतो, त्याचा टायर जाडजूड असतो, तो चेपतो भरपूर आणि सावकाश डुलतो. छोट्याचा हलका बोजा फुगलेल्या टायरला दाबूच शकत नाही. दोष वजनाचा जितका, तितकाच हवा भरणाऱ्याचा.

हे मी स्वतःच्या कमरेवर शिकलोय. पहिला छोटा ट्रॅक्टर आणला तेव्हा महिनाभर मी त्याला शिव्या घातल्या. हवा मोजायचा गेज लावला तेव्हा कळलं, मागच्या दोन्ही टायरांत पुस्तिकेतल्या दाबाच्या जवळपास दुप्पट हवा. नवा ट्रॅक्टर पोचवताना बऱ्याचदा टायर असे टम्म फुगवून पाठवतात. पोचल्यावर हवा कमी करायची असते, ती कुणी केली नव्हती. मीही नाही, आणि मी म्हणे मेकॅनिक!

गेज मात्र कमी दाबाचा घ्या. मोटारीच्या टायरांसाठीचा 10-15 पीएसआयच्या आसपास नीट वाचत नाही. दाब किती ठेवायचा हे पुस्तिकेतल्या किंवा टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवा, मागे जोडलेल्या अवजाराचं वजन धरून. तक्त्याच्या खाली जाऊ नका. हवा फार कमी झाली तर ओढीच्या कामात टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो.

दुसरी गोष्ट सीट. खाली किंवा बाजूला वजनाची मूठ असते, बहुतेकांनी ती कधी फिरवलेलीच नसते. माझ्या सीटचा काटा 110 किलोवर होता, मी 62 किलोचा. म्हणजे स्प्रिंग माझ्या वजनाला दादच देत नव्हती, लाकडी पाटावर बसल्यासारखं. मूठ गंजली असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा. मग सीटवर बसा आणि सीट आपल्या एकूण हालचालीच्या मधोमध येईपर्यंत फिरवा. बसल्यावर हलकं उसळी मारून बघा; खाली ठक्क आवाज आला तर स्प्रिंग सैल आहे, काहीच हललं नाही तर ताठ. काही छोट्या ट्रॅक्टरांना ही मूठच नसते, रबरी ठोकळ्यावर बसवलेलं पत्र्याचं भांडं असतं. तुमचं तसं असेल तर पैसा सीटवर घाला, ट्रॅक्टरवर नको. पण बदललेली सीट उंच होणार नाही, स्टिअरिंग आणि पेडल आवाक्यात राहतील हे आधी मोजा.

एवढं करूनही छोटा मोठ्यासारखा चालणार नाही, हेही सांगून ठेवतो. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी, म्हणून उंचवट्यावर तो पाळण्यासारखा पुढेमागे झुलतो. चाक लहान, म्हणून ज्या चरावरून मोठं चाक तरंगत जातं त्यात हे खोल उतरतं. बाजूच्या हेलकाव्यात मात्र गंमत आहे. मोठ्याची चाकं दीड मीटर अंतरावर आणि तुम्ही दीड मीटर उंच. छोट्याची एक मीटरवर आणि तुम्ही एक मीटर उंच, असं धरा. मागचं एक चाक 10 सेंटिमीटर उचललं की दोन्हीकडे तुमचं बूड साधारण 10 सेंटिमीटरच बाजूला सरकतं. छोटा तिरका जास्त होतो, एवढंच. ‘छोटा फार हेलपाटतो’ असं म्हणणाऱ्याला पुष्कळदा त्या तिरकेपणाची धास्ती असते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : कंबर ओळींत काम करताना धरते की बागेपर्यंतच्या रस्त्यावर? ओळींत ताशी 3-4 किलोमीटरने जाताना कुठलाही ट्रॅक्टर फारसा आदळत नाही. मला संशय रस्त्याचा आहे. तुमच्या मागच्या चाकाचा एक फेरा साधारण 3 मीटरचा असेल. ताशी 25 ला चाक सेकंदाला सव्वादोनच्या वर फेरे घेतं. टायर जरासा जरी गोलाईत कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का, आणि तो नेमका टायरच्या स्वतःच्या डुलण्याच्या तालावर. मग ट्रॅक्टर घोड्यासारखा दौडू लागतो. 4 मीटर फेऱ्याच्या मोठ्या चाकाला तिथवर पोचायला ताशी 30 ओलांडावं लागतं, म्हणून तुम्हाला मोठ्यावर हे जाणवलं नसावं. दौड सुरू झाली की ताशी 4-5 किलोमीटरने वेग उतरवा, बघा कसा शांत होतो.

वेळेचाही हिशेब आहे. युरोपीय संघाच्या 2002 च्या नियमात 8 तासांच्या कामाला अंगभर बसणाऱ्या हादऱ्यांची मर्यादा ठरवून दिली आहे, आणि त्या गणितात हादरा दुप्पट झाला तर परवानगीचा वेळ निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. छोट्याला त्याच कामाला जास्त तास लागतात हेही त्यात धरा. तासाला एकदा उतरून चार पावलं चाला. पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर गेज नंतर, डॉक्टर आधी.

प्रश्न : मागच्या टायरांत पाणी भरलं तर छोटा ट्रॅक्टर कमी उडेल का?

उत्तर : पकड वाढेल, ट्रॅक्टर जमिनीला चिकटून ओढेल. पण व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरलं की टायर सुमारे 75 टक्के भरतो आणि गादीचं काम करायला वरची थोडीशी हवाच उरते. पाणी दबत नाही, दबते ती हवा. नांगरटीला पाणी चांगलं, रस्त्यावरच्या फेऱ्यांना वाईट. वजन हवंच असेल तर चाकाला लोखंडी वजनं लावा. ती काढताही येतात. मात्र एकेक 30-40 किलोचं असतं, एकट्याने उचलू नका.