एका स्फटिकावर थांबू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या औषधाच्या स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी सुटली आणि आर-फॅक्टर, म्हणजे रचना आणि मोजमाप यांतली तफावत, ४ टक्क्यांच्या आत आला, हे वाचून फार आनंद झाला. पण लेख लिहायला लगेच बसू नकोस.

सूक्ष्मदर्शकाखाली शोधून सगळ्यांत स्वच्छ स्फटिक तू निवडलास, ते बरोबरच केलंस. पण ती रचना त्या ०.२ मिलिमीटरच्या कणाची आहे. रुग्णाच्या पोटात जाते ती पावडर. म्हणून तुझ्या रचनेवरून पावडरचा क्ष-किरण पॅटर्न, म्हणजे शिखरांचा आलेख, गणिताने काढ आणि कुपीतल्या पावडरचा प्रत्यक्ष पॅटर्न त्याच्याशी ताडून बघ. स्फटिक तू १०० केल्विनला, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअसला, मोजलास, पावडर खोलीच्या तापमानाला मोजशील. त्यामुळे शिखरं थोडी सरकलेली दिसतील, आणि सगळी सारखीच सरकतील असंही नाही. त्याची काळजी नको. मात्र गणितात जिथे काहीच नाही तिथे एखादं बारीक शिखर उभं असेल, तर ते अशुद्धी म्हणून सोडून देऊ नकोस; ते त्याच रेणूच्या वेगळ्या रचनेचं, म्हणजे दुसऱ्या स्फटिकरूपाचं, असू शकतं.

रिटोनाविरचं उदाहरण कायम लक्षात ठेव. एचआयव्हीवरचं हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्याचं एकच स्फटिकरूप माहीत होतं. १९९८ मध्ये कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. रेणू तोच होता, पण त्यातल्या कार्बामेट या अणुगटापाशी वेगळा वळलेला, हायड्रोजन बंधांची जुळणीही निराळी. हे दुसरं रूप अधिक स्थिर, म्हणूनच कमी विरघळणारं. कॅप्सूलमध्ये औषध द्रावणात होतं, आणि नव्या रूपाच्या हिशेबाने ते द्रावण अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त औषध विरघळलेलं, होतं; स्फटिक आतच खाली बसू लागले. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. ज्यांचं जगणं त्या गोळ्यांवर होतं, त्यांना घशाखाली न उतरणाऱ्या चवीचं पातळ औषध घ्यावं लागलं. आपल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला ही माणसं असतात.

तेव्हा इथेनॉल या एकाच द्रावकावर समाधान मानू नकोस. ॲसिटोनायट्राइल, इथिल ॲसिटेट, पाणी मिसळलेलं मिथेनॉल, सगळ्यांतून स्फटिक वाढव. काही सावकाश, काही मुद्दाम झटपट थंड करून. रचनेतल्या पोकळीत विस्कळीत इलेक्ट्रॉन घनता दिसते म्हणतोस, ती अडकलेल्या द्रावकाची असू शकते; सॉफ्टवेअरने पुसण्याआधी टीजीए, म्हणजे तापवत वजन मोजण्याची चाचणी, कर. तापवताना वजन घटलं, तर तुझ्या हाती शुद्ध औषध नसून सॉल्व्हेट, म्हणजे द्रावक धरून बसलेला स्फटिक, असू शकेल.

पॅटर्न जुळले नाहीत तर कुपी टाकून देऊ नकोस. वेगळी ठेव, तिचा चमचा दुसऱ्या कुपीत घालू नकोस, आणि मला फोन कर.