“मॅडम, मी नुसती बटणं दाबते”

परीक्षा जवळ आली की हे वाक्य माझ्या खोलीत हमखास ऐकू येतं. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातली मुलं येतात आणि तेच सांगतात: एचपीएलसी (द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र), एनएमआर, जीसी-एमएस, इतकी उपकरणं, सॅम्पल आत जातं, आलेख बाहेर येतो, मधलं काही कळत नाही. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उघडं पडणार. त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट, ओळख पटणार नाही अशा बेताने.

पहिल्या दोन भेटींत मी तिला धीर दिला नाही. “तुला येतं गं सगळं” म्हटल्याने भीती जात नाही, बोलणं तेवढं थांबतं. मी तिची क्रियापदं ऐकत होते. “इंजेक्शन झालं, पीक (आलेखातला उंचवटा) आला, रिपोर्ट निघाला.” त्यात ती स्वतः कुठेच नव्हती.

तिसऱ्या भेटीत विचारलं, “यंत्र कधी बिघडलं होतं का गं?”

“हो ना! एचपीएलसीवर स्टँडर्डचा, म्हणजे ज्ञात नमुन्याचा, पीक रोज सहा मिनिटांना यायचा, त्या दिवशी सातला आला. मला वाटलं मी मोबाइल फेज, म्हणजे सॅम्पल वाहून नेणारा द्रव, चुकीचा बनवला. मग मी प्रेशर बघितलं, तर ते सारखं वरखाली होत होतं. म्हणजे पंपात हवा. मी हवा बाहेर काढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडला, फ्लो वाढवला. नळीतून बुडबुडे जात होते, बारीक मण्यांसारखे. ते थांबेपर्यंत मी हललेच नाही.”

“आत्ता तू कितीदा ‘मी’ म्हणालीस!”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “पण ही दुरुस्ती झाली, अभ्यास थोडाच?”

“पीक उशिरा का आला?”

“हवेमुळे पंप पूर्ण द्रव ढकलत नव्हता. फ्लो कमी झाला की रिटेन्शन टाइम, पीक यायला लागणारा वेळ, वाढतो…” आणि ती थांबली. व्हायवासाठी घोकूनही डोक्यात न शिरणारं वाक्य तिच्याच तोंडून निघालं होतं.

इतक्या वर्षांत माझी एक खात्री झाली आहे: आपल्याला येतं की नाही, हे माणूस सुरळीत दिवसांवरून ठरवतो, आणि खरी साक्ष अडचणीच्या दिवसात असते. यंत्राचंही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेतने खडूच्या पुडीने भरलेल्या नळीत पानांतली रंगद्रव्यं वेगळी केली, तेव्हा रंगांचे पट्टे डोळ्यांना दिसत होते. आज तेच वेगळं होणं एचपीएलसीच्या पोलादी कॉलमच्या, म्हणजे नळीच्या, आत घडतं. दिसत नाही, म्हणून हाती बटणच उरल्यासारखं वाटतं.

म्हणून अशा प्रत्येकाला मी सांगते, सगळी उपकरणं एकदम धरू नका. एकच घ्या, सॅम्पलचा प्रवास कागदावर काढा आणि प्रत्येक थांब्यावर विचारा: इथे बिघडलं तर आलेखात काय दिसेल? यूव्हीत, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं हे मोजणाऱ्या यंत्रात, द्रावण फार दाट झालं तर? अॅब्सॉर्बन्स (शोषणाचं माप) 2 म्हणजे डिटेक्टरपर्यंत जेमतेम 1 टक्का प्रकाश पोचतो. मग कॅलिब्रेशनची, म्हणजे दाटपणा आणि अॅब्सॉर्बन्स यांची, रेषा खाली वाकायला लागली तर नवल नाही. हे एकदा स्वतः ताडलं की पाठ करावं लागत नाही.

शेवटच्या भेटीत तिने माझ्याच वहीत एएएसचं, म्हणजे ज्योतीतले अणू किती प्रकाश शोषतात हे मोजणाऱ्या यंत्राचं, चित्र काढलं. दिवा, ज्योत, मग हवी तेवढीच तरंगलांबी निवडणारा मोनोक्रोमेटर. तिथेच पेन थांबलं. “मोनोक्रोमेटर ज्योतीच्या पुढे का असतो? माहीत नाही. बघून सांगते.” आवाज जराही कापला नाही.

दोन दिवसांनी दारात उभी राहूनच म्हणाली, “मॅडम, ज्योतीचा स्वतःचा प्रकाश असतो ना, तो गाळायला!”