स्पिन लिक्विड, म्हणजे ज्यातले स्पिन (इलेक्ट्रॉनचे इवलेसे चुंबक) अतिथंड अवस्थेतही ठरावीक क्रमात गोठत नाहीत असा पदार्थ, विद्युतरोधक असेल, तर त्यावर प्रकाश टाकून काय कळणार?

बरंच काही. स्पिन लिक्विड असू शकेल असं हर्बर्टस्मिथाइट हे हिरवट खनिज घ्या. त्यातल्या तांब्याच्या अणूंचे त्रिकोण कोपऱ्याला कोपरा लावून जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्या शेजारी स्पिनना एकमेकांविरुद्ध उभं राहणं जमतच नाही. विद्युतरोधक म्हटल्यावर, फोनॉन (अणूंच्या जाळीची कंपनं) सोडले तर, गॅपखालचा, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे करायला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी ऊर्जेचा, प्रकाश आरपार जायला हवा. पण २०१३ मध्ये एमआयटीच्या गटाला टेराहर्ट्झ या खूप कमी ऊर्जेच्या पट्ट्यातही क्षीण शोषण दिसलं. त्यातून काढलेली वाहकता वारंवारतेच्या साधारण १.४ घातानुसार वाढत होती. स्पिन लिक्विडमधले स्पिनॉन, म्हणजे फक्त स्पिन वाहणारी, विद्युतभार नसलेली कणांसारखी उत्तेजनं, प्रकाशाला असा अप्रत्यक्ष प्रतिसाद देऊ शकतात.

स्पिन लिक्विडचा दुसरा उमेदवार म्हणजे अल्फा रुथेनियम क्लोराइड. त्याच्या रामन वर्णपटातही (विखुरलेल्या प्रकाशाच्या ऊर्जेतला बदल दाखवणाऱ्या आलेखात) स्पिन लिक्विडकडून अपेक्षित असतो तसा रुंद उंचवटा दिसतो. मात्र हा पदार्थ ७ केल्विनच्या आसपास चुंबकीय क्रमात जातो, म्हणून नुसत्या उंचवट्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.