ऑटो मोडवर पांढरं देऊळ करडं आणि दिव्यांचे रंग भलतेच का येतात? मॅन्युअल, म्हणजे सगळं हाताने लावणं, शिकायलाच हवं का?

देवळाचं आधी पटकन सांगतो. कॅमेऱ्याला देऊळ कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो, आणि समोर जे आहे ते सरासरीत मध्यम करडं, म्हणजे साधारण 18 टक्के उजेड परत फेकणारं, असं धरून तो एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, लावतो. मंगेशीचा पांढरा दीपस्तंभ फ्रेम भरून घेतलात तर करडा येणारच. कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करायची सोय, अधिक 1 करा. काळी म्हैस असेल तर वजा.

दिव्यांचं मात्र नीट सांगायचंय, कारण त्यावरून माझं आणि चुलतभावाचं इतकी वर्षं वाजतंय.

पेडणे तालुक्यात आमच्या गावी दिवजोत्सव असतो, सुवासिनी पाच वातींचं मातीचं दिवज घेऊन रात्री देवळाला फेऱ्या मारतात. 2014 साली आई त्यात होती. दादाने, म्हणजे याच चुलतभावाने, नवाकोरा डीएसएलआर कॅमेरा आणलेला, माझ्याकडे जुना सेकंडहँड. मी म्हटलं, दादा, आज ऑटो नको. तर सगळ्यांसमोर म्हणाला, "कंपनीपरस तुका चड कळता?" (कंपनीपेक्षा तुला जास्त कळतं?) मी गप्प बसलो, मोठा तो.

त्याच्या फोटोत काय झालं बघा. फ्रेममध्ये बहुतेक काळोखच, मग कॅमेऱ्याने तो काळोख उजळायला घेतला, ज्योतींचे पांढरे ठिपके झाले आणि आईचा गाल सपाट पिवळा. त्याहून वाईट म्हणजे वेणी. अबोलीची वेणी, दुपारभर ओसरीवर बसून तिने स्वतः गुंफलेली, ती फोटोत नुसता एक केशरी गोळा आहे, एक फूल वेगळं दिसेल तर शपथ. तेलाच्या ज्योतीचा उजेड साधारण 1900 केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड तांबडा), त्यात लाल भरपूर आणि निळा अगदी थोडा, म्हणून लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, सगळ्यात आधी भरतो आणि तिथला तपशील जातो तो जातोच. इतक्या पिवळ्या उजेडात ऑटो व्हाइट बॅलन्सही, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरं दाखवायची सोय, चाचपडतो, एका फोटोत आई पिवळी, पुढच्यात गुलाबी, साडी तीच, दिवज तेच. फाइली सगळ्या जेपेग. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न शिजवलेल्या कच्च्या फाइली, असत्या तर रंग तरी नंतर फिरवता आला असता, जळून गेलेली फुलं तेव्हाही आली नसती.

पुढच्या वर्षी दिवज धरायला आई नव्हती.

त्या रात्री मीही चार फोटो काढले होते, कॉम्पेन्सेशन वजा दीड आणि व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर. फोटोंत बारीक दाणे आहेत, दोन हललेत. पण एकात गालावर दिव्याचा तांबूस उजेड जसाच्या तसा आहे आणि वेणीतली फुलं मोजता येतात. तो ओसरीवर लावलाय. दादा आला की त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, नशिबाने आला. नशिबाने नाही आला.

तर मॅन्युअल शिकायलाच हवं का? माझ्या मते नाही. अॅपर्चर प्रायोरिटी ठेवा, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते तुम्ही ठरवा आणि शटरचा वेग कॅमेऱ्यावर सोडा, कॉम्पेन्सेशनवर हात बसवा आणि व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवा, एवढं पुरे. गोव्यात तर हे हवंच, इथे चिऱ्याची भिंत किंवा लाल माती फ्रेमभर आली की ऑटो तिचा तांबडेपणाच कमी करून टाकतो, पावसात हिरवं शेत घ्या, तर त्यात जांभळट झाक घालतो. व्हाइट बॅलन्सला उन्हाचं चिन्ह लावून ठेवा, माती मातीसारखी येईल.

हां, पोरं धावतायत, उजेड क्षणाक्षणाला बदलतोय, तेव्हा ऑटो लावा, फोटो हुकण्यापेक्षा बरा. आताचे फोन चार-सहा फ्रेम जोडून ज्योती बऱ्याच सांभाळतात, तेही खरं, पण चेहऱ्यावरचा दिव्याचा रंग धुऊन काढतात, मला ते चालत नाही. आणि माझं वजा दीड म्हणजे सगळीकडचं वजा दीड नव्हे, एक फोटो काढून हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंग उजव्या टोकाला आपटतोय का तेवढं बघा.

दादा, तू हे वाचत असलास तर यंदा दिवजांना काकी असेल. ऑटो काढ.